भरल्या अंड्यास, मुक्काम पोस्ट लोणंद

प्रिय भरल्या अंड्या,

काल संध्याकाळी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, गोधडीच्या डब्यातून दोरा काढून दिला, तेव्हाच ठरवलं की तुला पत्र लिहायचं.

झालं असं, की मी तुला सुरीनं कापत होते. पात्याला बलक चिकटतो, मग पुढचं अंडं कापताना पांढऱ्यावर पिवळे फराटे उठतात आणि कडा फाटतात. दर वेळी पातं पुसायचं आणि दर वेळी वैतागायचं. आत्याबाई मागच्या दाराच्या उंबऱ्याशी लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांच्या गळ्यात माळ आहे, लग्नाआधीपासूनची. अंड्याला त्या हात लावत नाहीत. म्हणून तुझं सगळं मी मागच्या पडवीत करते. शेगडी वेगळी, पातेलं वेगळं, चमचेही वेगळे. तिथूनच त्या म्हणाल्या, "सुरीनं न्हाई जमायचं. ठेसनावरचा गाडीवाला दोऱ्यानं कापतो, कधी बघितलं न्हाईस का?" उठून आत गेल्या आणि गोधडीच्या जाड पांढऱ्या दोऱ्याचा हातभर तुकडा घेऊन आल्या. माझ्या तळहातावर वरूनच सोडला.

मी दोरा उकळत्या पाण्यातून काढला, दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळून ताणला, तुझ्या पोटाखालून घेतला आणि वर ओढला. तू जरासुद्धा न फाटता दोन वाट्यांसारखं उघडलंस. मधे बलकाचा पिवळा गोल होता आणि त्याला कडेनं हिरवटपणाचा मागमूस नव्हता. आत्याबाई लांबूनच बघत होत्या. "आता कसं," एवढंच म्हणाल्या.

गाडीवरचं ते अंडं तुझं गावाकडचं भावंडच म्हणायचं. उकडलेलं अंडं दोऱ्यानं दुभागायचं, वर मीठ, तिखट, बारीक चिरलेला कांदा, असलं तर लिंबू, आणि कागदावर ठेवून हातात द्यायचं. पुणे-मिरज लोहमार्गावरच्या आमच्या स्टेशनाबाहेर संध्याकाळी कामावरून परतणाऱ्या माणसाला ते किती आधार देतं, हे मी सासऱ्यांकडून ऐकलंय. कोरियातही आगगाडी आणि उकडलेलं अंडं यांची जोडी आहे. तिथल्या जुन्या पिढीला रेल्वेचा प्रवास म्हटला की उकडलेली अंडी आणि सोबत लिंबाच्या चवीचं गोड सोड्याचं पेय आठवतं. त्या पेयाला ते सायडर म्हणतात. मला हे कळलं तेव्हा फार आपलं वाटलं.

तुझं इंग्रजी नाव ऐकून आमच्याकडे पहिल्यांदा सगळे दचकले. डेव्हिल्ड एग म्हणजे सैतानी अंडं! पण त्या नावात पाप नाही, तिखट आहे. अठराव्या शतकात इंग्लंडात झणझणीत मसाल्याच्या पदार्थाला हा शब्द लावू लागले. १७८६ सालच्या छापील मजकुरात तो सापडतो. नाव नको म्हणून अमेरिकेत चर्चच्या पंगतीत काही लोक तुला नुसतं भरलेलं अंडं म्हणतात. मीही तेच म्हणते. भरलं वांगं, भरली मिरची, भरलं कारलं, तसं भरलं अंडं. ज्या भाषेत इतक्या गोष्टी भरल्या जातात तिथं तुला दुसरं नाव शोधायची गरजच नाही.

आता खरी गोष्ट सांगते, जिच्यामुळे हे पत्र लांबणार आहे. अंदलुसिया म्हणजे आजच्या दक्षिण स्पेनचा भाग, तेव्हा तिथं मुसलमानी राजवट होती. तिथल्या तेराव्या शतकातल्या एका पाकग्रंथात तुझी कृती आहे. अंडी उकडा, गार पाण्यात टाका आणि दोऱ्यानं दुभागा. हो, दोऱ्यानंच. बलक काढून त्यात कोथिंबीर, कांद्याचा रस, मिरे, धने, तेल आणि मीठ घालून मळा, परत भरा, दोन्ही अर्धी जुळवून काडी टोचा आणि वरून मिरपूड भुरभुरा. तेरावं शतक म्हणजे आमच्या माउलींचं शतक. ज्ञानेश्वरी १२९० सालची. इकडे प्रवरेकाठी ओवी रचली जात होती त्याच शंभर वर्षांत तिकडे कुणीतरी दोऱ्यानं अंडं कापून त्यात कांद्याचा रस पिळत होतं.

त्या कृतीत आणखी एक जिन्नस आहे, मुर्री. जवाच्या पिठाचे गोळे बुरशी धरेपर्यंत ठेवायचे, मग ते मीठपाण्यात आठवडेच्या आठवडे ठेवून द्यायचे. त्यातून जे काळसर, खारट, खोल चवीचं पातळ निघतं ती मुर्री. आपल्या 'मुरणे'शी या शब्दाचं काही नातं नाही, पण मला तो वाचताना बरं वाटलं. कारण मुरलेलंच ते.

म्हणजे तुझ्या पोटात सुरुवातीपासून दोन गोष्टी होत्या, कांदा आणि मुरलेलं काहीतरी. पुढे त्या गेल्या. १८९६ साली फॅनी फार्मर यांच्या बॉस्टनच्या पाकशाळेच्या पुस्तकात बलक मेयोनेझमध्ये मळावा असं आलं आणि पुढच्या शंभर वर्षांत तू मेयोनेझ, मोहरीची पेस्ट आणि वर चिमूटभर लाल भुकटी एवढंच उरलंस. पुण्यात एका हॉटेलात मी तुला पहिल्यांदा खाल्लं ते असंच. फ्रीजमधून काढलेलं, गारठलेलं, गुळगुळीत आणि मुकं. नावात तिखट होतं, पण जिभेला ते कळलंच नाही. मी एक तुकडा खाऊन बाजूला ठेवला. तुझ्यावर तो अन्याय होता, हे आता कळतंय.

मग गेल्या वर्षी पोरीनं गोचुजांगचा, म्हणजे कोरियन मिरचीच्या लगद्याचा, लाल डबा आणला. पुण्याच्या आजूबाजूला कोरियन माणसं आता नवी राहिलेली नाहीत. रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, तळेगावला ह्युंदाईनं कारखाना घेतला. पोरीला मात्र ही गोडी त्यांच्या मालिका बघून लागली. ती म्हणाली, "मम्मी, हे चाखून बघ, आपल्या मसाल्यासारखं आहे." मी चाखलं. आपल्या मसाल्यासारखं ते नाही. आधी गोडसर लागतं, मग खारट, मग तिखट हळूहळू मागून येतं, आणि या सगळ्याच्या खाली काहीतरी जुनं, दाट, मातीच्या भांड्यातलं असतं. त्यात अंडं नाही, मासळी नाही, हे डब्यावरचं वाचून झाल्यावर आत्याबाईंनीही बोटाच्या टोकाएवढं भाकरीला लावून खाल्लं. जरा थांबल्या. म्हणाल्या, "ह्ये मुरलंय."

त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. गोचुजांगसाठी उकडलेल्या सोयाबीनच्या विटा करतात, त्या बुरशी धरेपर्यंत टांगून ठेवतात, मग त्यांची पूड. त्यात चिकट तांदळाची पेज, मोड आणून वाळवलेल्या जवाचं पीठ, मिरचीची भुकटी आणि मीठ. मोडाच्या जवामुळे तांदळातली पिठूळ चव साखरेत उतरते, म्हणून ते गोड लागतं. हे मिश्रण मातीच्या मोठ्या रांजणात भरून उघड्यावर ठेवायचं, ऊन असेल त्या दिवशी झाकण काढायचं, सांजेला लावायचं. असे महिने जातात. १७६६ सालच्या एका कोरियन शेतीविषयक ग्रंथात त्याची कृती आहे. असे रांजण मुरवण्याची त्यांची जी सगळी विद्या आहे तिला युनेस्कोनं डिसेंबर २०२४ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशात घेतलं. सोयाबीनचं पाणी मुरत ठेवतात त्या रांजणात ते कोळसा आणि लाल मिरची टाकतात, आणि नजर लागू नये म्हणून रांजणाच्या गळ्याला गवताची दोरी बांधून तिच्यात मिरच्या खोवतात. हे ऐकताना मला आमच्या दारावरची लिंबू-मिरची दिसली.

आमचं काम एप्रिल-मेमध्ये असतं. संकेश्वरी तिखटाला, ब्याडगी रंगाला. गच्चीवर मिरच्या वाळवायच्या, देठं खुडायची, खोबरं, तीळ, धने, खडा मसाला भाजायचा, कांदा तेलात काळपट होईतो परतायचा आणि सगळं डंकावर कुटून आणायचं. कुटणारीच्या अंगावरची ती लाल धूळ, रांगेत उभ्या बायकांच्या शिंका, घरी आल्यावर दोन दिवस बोटांची होणारी आग. मग कांदा-लसूण मसाला चिनीमातीच्या बरणीत दाबून भरायचा, वर हिंगाचा खडा ठेवायचा आणि दादरा बांधायचा. आमचा मसाला टिकतो. त्यांचा मुरतो. कष्ट तेवढेच, आणि दोन्हीकडे वर्षभराची बेगमी एका ऋतूत बाईच्या हातून होते. मिरचीही दोघांकडे पाहुणीच. सोळाव्या शतकात ती पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्याला लागली आणि त्याच शतकाच्या शेवटाकडे जपानमार्गे कोरियात पोचली असं मानतात. पाहुण्या पोरीनं दोन्ही घरं आपली केली.

म्हणून मी आधी हट्टानं गोचुजांगच्या जागी आपलाच मसाला घालून पाहिला. थोडा गूळ, थोडं दही, रात्रभर ठेवलेलं. चांगलं लागलं, पण तू बुर्जीच्या वळणावर गेलंस. लवंग, दालचिनी, भाजलेलं खोबरं बलकावर चढून बसतं. नंतर दोन्ही एकत्र केले, तर आपल्या मसाल्यानं गोचुजांग गिळून टाकलं. मला स्पष्ट सांगायला हवं, गोचुजांगची जागा दुसरं काही घेत नाही. भुकटीची जागा मात्र घेता येते. कोरियन मिरचीची भुकटी जाडसर, लालभडक आणि बेताची तिखट असते. ब्याडगीच्या बिया काढून ती हातानं भरड कुटली की त्याच जातीची होते.

तुझ्या बाबतीत माझी खरी फजिती दुसरीच झाली. पोरीच्या मैत्रिणी यायच्या होत्या. म्हटलं, चांगल्यात चांगली अंडी घ्यावीत. वस्तीवरून त्याच सकाळची गावरान अंडी आणली, अजून ऊबदार. उकडली आणि सोलायला घेतली तर टरफलाबरोबर पांढरं निघून येऊ लागलं. बारा अंड्यांतलं एकसुद्धा धड राहिलं नाही, जणू उंदरांनी कुरतडली होती. मला रडू आलं. मग कारण कळलं. ताज्या अंड्याचं पांढरं आतल्या पापुद्र्याला घट्ट धरून असतं. टरफलाच्या बारीक छिद्रांतून दिवसेंदिवस आतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पांढरं अल्कधर्मी होत जातं आणि ती पकड सैल पडते. म्हणजे तुझ्यासाठी आठ-दहा दिवसांचं, दुकानातल्या ट्रेमधलं अंडंच बरं. गावरान अंड्याची पोळी करावी, बुर्जी करावी. तुझ्यासाठी ते वापरू नये.

आता मी काय करते ते तुलाच सांगते, बरोबर आहे का बघ. आदल्या रात्री अंडी आडवी ठेवते, म्हणजे बलक एका टोकाला न जाता मधोमध राहतो. पाणी खळखळ उकळलं की झाऱ्यानं एकेक अलगद सोडते. गार पाण्यात घालून उकळायला ठेवली तर सोलताना त्रास देतात. पहिली दोन मिनिटं हलकेच फिरवते. अकरा मिनिटं झाली की लगेच माठाच्या पाण्यात. जास्त उकळलं तर पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह मिळून तो हिरवट काळा वेढा पडतो, वासही येतो. मग दोरा.

बलक गाळून घ्यावा लागतो, नाहीतर सारणात गुठळ्या राहतात. मला पुरणयंत्र वापरावंसं वाटलं होतं, पण ते आत्याबाईंचं, त्याला हात लावायचा प्रश्नच नव्हता. पडवीत तुझ्यासाठी चहाची एक गाळणी ठेवलीय. चमच्याच्या पाठीनं दाबलं की बलक रव्यासारखा मोकळा खाली पडतो. सहा अंड्यांच्या बलकाला मी दोन मोठे चमचे चक्का घेते. मेयोनेझ घेत नाही. कच्च्या अंड्याचं मेयोनेझ आमच्या उन्हात धोक्याचं असतं. २०२५ मध्ये तामिळनाडूनं त्याच्यावर बंदीही घातली. आणि चक्क्याचा आंबटपणा गोचुजांगच्या गोडव्याला धरून राहतो. दीड चहाचा चमचा गोचुजांग, चमचाभर करडईचं तेल. करडई आमच्या भागातली. शेजारच्या फलटणला निंबकर संस्थेनं तिच्या वाणांवर कितीतरी वर्षं काम केलंय. कोरियन लोक भाजक्या तिळाचं तेल घालतात. आपल्या घाण्याचं तिळाचं तेल कच्च्या तिळाचं असतं, त्याला तो वास नाही. म्हणून मी तीळ तव्यावर तांबूस भाजते, अर्धे खलबत्त्यात रगडून सारणात घालते, अर्धे वरून. साखर नाही, डब्यातल्या गोचुजांगमध्ये ती बहुधा असतेच. मीठ सगळ्यात शेवटी, चाखून.

आणि कांद्याचा रस.

इथं मला थांबावंसं वाटतं. लोणंद म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात, माउलींच्या पालखीचा मुक्काम आणि कांद्याचा बाजार. पावसाळी हळवा कांदा रसाळ, पातळ सालीचा, आला की लगेच खपवावा लागणारा. उन्हाळी गरवा घट्ट, तिखट, चाळीत महिनोन् महिने राहणारा. बाजार आवारात गोण्या उतरतात, लिलावाची रांग पुढे सरकते, हमालाच्या पाठीवर कांद्याचा वास कायमचा बसलेला असतो. आमच्या घरात कांद्यावर लग्नं झालीत, घर झालंय. आणि असेही दिवस गेलेत की गोणीचे आणि गाडीभाड्याचे पैसे सुटले नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यात बंद झाली ती मे २०२४ मध्ये उघडली. मधल्या काळात घरात जेवताना कुणी कांद्याचं नाव काढत नव्हतं, ताटात असूनसुद्धा. तेव्हा कुणी मला म्हणालं, की तुझ्यात कांदा नुसता शोभेला घालतात, तर मी ऐकून घेणार नाही. तुझ्या सगळ्यात जुन्या कृतीत तो आहे, मिरचीच्या तीनशे वर्षं आधीपासून.

गरवा कांदा किसायचा, मुठीत धरून चमचाभर रस पिळायचा आणि लगेच सारणात घालायचा. ठेवला की कडवट होतो. त्या एका चमच्यानं काय होतं, हे शब्दांत कसं सांगू? बलक हा मुळात झोपाळू असतो, तोंडात पीठ पीठ होतो. रस पडला की तो जागा होतो. मग गोचुजांग खालून वर येतं. वर घालायला हळवा कांदा, मोहरीएवढा बारीक चिरून पाच मिनिटं गार पाण्यात ठेवलेला, म्हणजे उग्रपणा जातो आणि कुरकुरीतपणा राहतो. कोरियन कृतीत पातीचा कांदा असतो. पात मिळाली तर मीही घालते. पण लोणंदात बसून पातीसाठी अडून राहायचं नाही.

सारण चमच्यानं भरते, नळीनं फुलं काढत नाही. तुझ्या वाटीतून ते थोडं वर यावं, भरल्या वांग्यातून मसाला डोकावतो तसं. रंग केशरी तांबडा. वरून तीळ, कांदा, ब्याडगीची भरड. आणि लगेच ताटात. दोन तासांपुढे तुला बाहेर ठेवत नाही. वैशाखात तर तासाभराच्याही आत संपवते.

वर्षातून काही दिवस तू आमच्या घरात नसतंस, तेही सांगते. ज्येष्ठात पालखी निघाली की अंडी बंद. नीरेत पादुकांना स्नान होतं, माउली सातारा जिल्ह्यात येतात आणि लोणंदला मुक्काम करतात; पुढे चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण. त्या दिवसांत आमच्या पडवीतली तुझी शेगडी वारकऱ्यांच्या चहाला लागते. पातेलं घासून माळ्यावर जातं, गाळणीसुद्धा. एकादशी होऊन गेल्यावरच ती खाली येते. पोरीनं एकदा विचारलं होतं, की आजीला त्रास होत नाही का, आपण मागे अंडी करतो त्याचा? मी तेच आत्याबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "माळ माझ्या गळ्यात हाय, तुमच्या न्हाई." आणि परत लसूण सोलायला लागल्या.

काल तू झाल्यावर पोरीच्या वडिलांनी चार खाल्ली, शेजारच्या दोन पोरांनी मिळून सहा. उरलेली दोन मी पडवीच्या पायरीवर बसून सावकाश खाल्ली. आत्याबाईंनी गोचुजांगच्या डब्याच्या कडेला लागलेलं भाकरीच्या तुकड्यानं पुसून घेतलं आणि डबा धुवून मोहरीसाठी मागून घेतला.

दोरा धुवून खिळ्याला टांगलाय. पुढच्या रविवारी पोरगी येतेय. एक डझन अंडी आत्ताच आणून ठेवलीत. शनिवारी रात्री आडवी करीन.

तुझी,
आत्याबाईंची सून
लोणंद